दामूला पुढे खेळवावं की नाही

डहाणूच्या मामलेदार कचेरीत मी कारकून होतो आणि कचेरीच्या हॉकी संघात गोलकीपर. पहिल्या कामाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सातबाराचे उतारे, पीकपाहणी, गावनकाशे, आणि वरच्या कचेऱ्यांना पाठवायची उत्तरं. त्या उत्तरांत काहीच म्हटलेलं नसे, पण ते नीट म्हटलेलं असे. दुसऱ्या कामाबद्दल मात्र मला लिहायचं आहे, कारण या श्रावणात आमचा फुलबॅक दामोदर गेला. मी मुळात सावकाश लिहितो. त्यालाही कधी घाई नसे.

हॉकी हे कचेरीचं काम कसं झालं ते आधी सांगतो. आमच्याकडे साताऱ्याकडचे एक नवे मामलेदार आले. हजर झाले त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "इथे हॉकी कोण कोण खेळतं?" कुणीच खेळत नसे. म्हणून त्यांनी सगळ्यांचीच नावं लिहून घेतली. कचेरीतून अकरा धड माणसं निघेनात, तेव्हा स्टेशनवरचे दोघे आणि शाळेतले चित्रकलेचे मास्तर यांनाही ओढलं. मला गोलात उभं केलं ते चष्म्यामुळे. साहेबांचा तर्क असा, की पळणाऱ्या माणसाचा चष्मा पडतो, उभ्या माणसाचा पडत नाही. हा तर्क पुढे खोटा ठरला, पण तेव्हा तो सर्वांना पटला. साहेबांचे सगळेच तर्क सर्वांना पटत.

गोलकीपरला पायांवर बांधायला पॅड लागतात. ते आमच्याकडे नव्हते. डहाणूचं गवत तेव्हा गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे आणि त्या व्यापारातले मगनभाई आमचे पंच होते. त्यांनी गोणपाटाच्या दोन लांब पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांत उत्तम प्रतीचं गवत ठासून भरून दिलं. ते पॅड बांधून मी रस्त्यानं निघालो की गाई मागून येत. गोलाला लावायचं जाळं नरपडच्या कोळ्यांकडून आणलं होतं. त्याला बोंबलांचा वास होता, त्यामुळे मागून कावळे येत. असा मी आघाडीवर शत्रू आणि पिछाडीवर कावळे यांच्यामध्ये उभा असे.

मैदान म्हणजे समुद्र. म्हणजे समुद्र मागे हटला की खाली राहणारी वाळू. गावात एवढी सपाट जागा दुसरी नव्हती. ओहोटी लागली की वरची वाळू भुसभुशीत, पाण्याजवळची चिंब, आणि मधला एक पट्टा पाट्यासारखा कडक, त्यावर चेंडू असा पळायचा की बघत राहावं. पण तो केव्हा मिळणार हे पंचांगात बघावं लागे. तिथीला पाऊणपट करायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, शिवाय उधाणाचे दिवस म्हणून पाणी पार लांब जातं. तेव्हा आमचे सामने व्हायचे ते पौर्णिमेला आणि अमावास्येला. पौर्णिमेचं ठीक होतं. अमावास्येला निम्म्या संघाच्या आया वाटेत उभ्या राहायच्या. स्टेशनवरच्या तारबाबूंची आई तर त्यांची हॉकी लपवून ठेवी आणि बाबू छत्री घेऊन खेळायला येत. छत्रीनं ते बरंच बरं खेळत.

दामू आमच्या पुरवठा शाखेत हंगामी कारकून होता. गंजाडचा, शेतकऱ्याचा मुलगा, पाच भावांत धाकटा. भात आणि नागली, डोंगराच्या पायथ्याची जमीन, खाणारी तोंडं पुष्कळ. मॅट्रिक झाला म्हणून कचेरीत चिकटला. हॉकी त्यानं पहिल्यांदा पाहिली ती आमच्याच वाळूवर. साहेबांनी त्याला फुलबॅकच्या जागी उभं केलं आणि त्या दिवसापासून माझं वाचन वाढलं.

हे समजावून सांगायला हवं. हॉकीत गोलकीपरच्या पुढे दोन बॅक असतात. फॉरवर्डला गोल करायचा असतो. बॅकला काही करायचं नसतं. जे होऊ पाहतंय ते होऊ द्यायचं नसतं. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हे चटकन समजतं. पण बहुतेक बॅक चेंडू दिसला की त्याच्यावर धावून जातात आणि फसतात. दामू धावत नसे. तो थांबे. समोरून फॉरवर्ड चेंडू घेऊन सुसाट यायचा, आणि दामू दारात पाहुणा आल्यासारखा हसून म्हणायचा, "या, या. कुठून येणं केलंत?"

आता आपल्याकडच्या माणसाला असं कुणी विचारलं तर उत्तर दिल्याशिवाय राहवतं का? उंबरगावचा एक नामांकित फॉरवर्ड "उंबरगावहून" म्हणाला, आणि तेवढ्यात चेंडू दामूच्या हॉकीला लागून परत निघालाही होता. एकाला त्यानं विचारलं, "घरी सगळे बरे?" तो "वडलांना जरा ताप आहे" म्हणाला. दामूनं चेंडू काढून घेतला, पलीकडे मारला, आणि मग खरोखरच थांबून तापाची चौकशी केली. हे ढोंग नव्हतं. त्याला खरंच विचारायचं असायचं. त्यामुळेच ते चालायचं.

तो पुढे असला की माझ्याकडे चेंडू येत नसे. पहिले दोन सामने मी नुसता उभा राहिलो. तिसऱ्याला डाव्या पॅडमधलं थोडं गवत उपसलं आणि तिथे एक कादंबरी ठेवली. मगनभाईंनी पाहिलं, पण गोलकीपरनं वाचू नये असा नियम कुठे सापडेना. कधी काळी एखादा फॉरवर्ड दामूला चुकवून पुढे आलाच, तर दामू मागे वळून अदबीनं सांगे, "भाऊसाहेब, खूण घाला." मी पानात काडी घालून पुस्तक मिटेपर्यंत बहुधा तोच मागून येऊन चेंडू घेऊन जायचा. त्या वर्षांत मी जेवढं वाचलं तेवढं आधी किंवा नंतर कधी वाचलं नाही.

आणि मग रेशनिंग उठलं. सगळा तालुका खूश झाला. पुरवठा शाखेत मात्र सुतकी शांतता, कारण धान्याचं वाटप संपलं की ते वाटणारे कारकूनही संपणार होते. हंगामी लोकांना मार्चअखेर घरी जायचं होतं. त्यात दामूचं लग्न ठरत आलेलं. मुलगी वाणगावकडची, सुलोचना, सातवी झालेली. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला की नोकरी असेल तर मुलगी देतो. पाचव्या भावाच्या वाट्याची नागली निवडायला देणार नाही.

अशात एका पौर्णिमेला मुंबईच्या एका गिरणीच्या अधिकाऱ्यांची मोटार चारोटीला बिघडली. त्यांना डहाणूत थांबावं लागलं आणि वेळ जाईना म्हणून ते किनाऱ्यावर आले. हे गृहस्थ गिरणीच्या हॉकी संघाचं सगळं पाहत. चांगला खेळाडू दिसला की त्याला गिरणीत कायमची नोकरी देत, मग तो सकाळी गिरणीत सही करी आणि दुपारी मैदानावर जाई. त्यांनी दामूला खेळताना पाहिलं आणि सामना संपल्यावर साहेबांना म्हणाले, "तुमचा बॅक फर्स्ट क्लास आहे. पण बॅक आमच्याकडे आहेत. आमचा सेंटर फॉरवर्ड रेल्वेच्या संघानं पळवला. हा पुढे खेळतो का?"

साहेब म्हणाले, "खेळतो म्हणजे काय, मुळात तो फॉरवर्डच. इथे आम्ही त्याला अडवून ठेवलाय."

"मग पुढे खेळताना बघायला येतो," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे एक रविवार ठरवून, मोटार दुरुस्त झाली म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मगनभाईंच्या वखारीत सभा भरली. आम्ही गासड्यांवर बसलो. साहेब म्हणाले, "प्रश्नच नाही. दामू पुढे खेळणार."

मगनभाई म्हणाले, "साहेब, माज्या वखारीवर भय्या हाय. पहारा करते. उद्या मी त्याला मुंबईला माल विकायला धाडला, तर तो विकेल बी. पन हिते आग लागली तर बोंब कोन मारणार?"

"भय्याची नोकरी जाणार आहे का मार्चमध्ये?"

"ना."

"मग भय्याचं इथे काय काम?"

चित्रकलेचे मास्तर म्हणाले की त्यांच्या मते प्रत्येकाची एक जागा असते, आकाशाचा रंग जमिनीला देऊन चालत नाही. पण दामूच्या जागी त्यांनाच उभं केलं जाणार होतं, तेव्हा त्यांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. साहेबांनी मला विचारलं, "गोलकीपर, तुमचं मत?"

मी म्हटलं, "माझं धरू नका. माझं एक पुस्तक अर्धं राहिलंय."

सगळे हसले. दामू हसला नाही. परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "भाऊसाहेब, मला पुढे खेळता येत नाही, हे मला माहीत आहे."

"मग?"

"पण गिरणीवाल्यांना माहीत नाही. आणि सुलोचनेच्या वडिलांना तर हॉकीच माहीत नाही. म्हणजे तिघांत मी एकटा. मीच गप्प बसलो तर?"

सरावाला सुरुवात झाली आणि तो बोलला त्याहून परिस्थिती वाईट निघाली. चेंडू घेऊन तो समोरच्या बॅकपाशी जायचा आणि थांबायचा. सवयच ती. "या," म्हणायचा. पण चेंडू याच्याकडे, तर तो बॅक कशाला येतो? तोही थांबायचा. दोघे एकमेकांकडे बघत उभे. मगनभाई शिट्टी तोंडात धरून वाट बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "लगन लावायचा हाय काय?" एकदा तर दामूनं समोरच्या बॅकला सांगितलं, "तुम्ही पाय फार लवकर टाकता. थोडं थांबा, मग माझा चेंडू तुम्हाला घेता येईल." त्या गृहस्थानं थोडं थांबून पाहिलं, आणि खरंच घेता आला.

दुसरी अडचण अशी की चेंडू आमच्या बाजूला गेला की दामू पुढे टिकत नसे. सगळं मैदान ओलांडून धावत मागे यायचा, चित्रकलेच्या मास्तरांना बाजूला सारून चेंडू काढायचा, मग पुन्हा पुढे धावायचा. थोड्या वेळानं तो वाळूवर आडवा पडलेला असे. आणि तो मागे येऊ शकला नाही की चेंडू माझ्याकडे. पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलंच नाही. दुसऱ्या संध्याकाळी चष्म्याची काच गेली. गोलकीपर म्हणजे काय असतं हे मला इतकी वर्षं गोलात उभं राहून तेव्हा कळलं.

दामू म्हणाला, "भाऊसाहेब, तिकडे कुणी येतच नाही हो. मागे होतो तेव्हा लोक माझ्याकडे यायचे. आता मी जायचं, तर कुणाकडे जायचं? काय म्हणून जायचं?"

यावर मी बराच विचार केला, कचेरीच्या वेळेत. माझ्या टेबलावर तेव्हा गंजाडचा गावनकाशा होता. दामूला बोलावलं. नकाशा त्याच्यापुढे ठेवला आणि उलटा फिरवला. डोंगर खाली आला, ओढा वर गेला.

"तुझं शेत दाखव."

त्यानं बोट ठेवलं.

"नकाशा उलटा झाला म्हणून ते दुसऱ्याचं झालं का?"

"नाही."

"मग तसंच मैदान फिरव. ते टोक तुझं. गोल तुझ्या मागे नाही, समोरच्या बॅकच्या मागे आहे, एवढाच फरक. तू चेंडू घेऊन जाऊ नकोस. त्यांचा बॅक कधी तरी चेंडू घेऊन बाहेर यायला निघतोच ना? तो तुझा पाहुणा. तिथे उभा राहा आणि त्याची चौकशी कर."

दामू नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आणि इकडे तुमच्याकडे चेंडू आला तर?"

"येऊ दे."

"मास्तर काही अडवणार नाहीत."

"मला कल्पना आहे," मी म्हटलं.

सामना ठरला तलासरीच्या संघाशी. तिथले शिक्षक आणि बांधकाम खात्याची माणसं मिळून त्यांचा संघ होता. मुरमाच्या चढउतारावर खेळून तयार झालेले, अंगानं दणकट. त्यांचा फुलबॅक जानू म्हणजे रस्त्याच्या कामावरचा मुकादम. अनवाणी खेळायचा आणि त्याच्या नुसत्या चालण्यानं फॉरवर्ड बाजूला होत.

इथे एक घोटाळा उघड झाला. साहेबांनी गिरणीवाल्यांशी रविवार ठरवला तेव्हा तिथी पाहिलीच नव्हती. देशावरचा माणूस, त्याला रविवार म्हणजे रविवार. मी पंचांग काढलं तर अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सामन्याच्या वेळी समुद्र गोलात येऊन बसणार. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी क्षणभर असं पाहिलं, की समुद्राला नोटीस काढता येईल का याचा ते विचार करत असावेत. शेवटी सामना भर दुपारी बाराला, ओहोटीच्या वेळी घ्यायचा ठरला. त्यातही अष्टमीचे दिवस म्हणजे भांगाचे, पाणी फार वरही येत नाही आणि फार खालीही जात नाही. कडक वाळूचा पट्टा एखाद्या रुंद गल्लीएवढाच उरला. एका बाजूला भुसभुशीत, दुसऱ्या बाजूला चिखल. गिरणीवाले आले, छत्री उघडून बसले आणि म्हणाले, "हे मैदान आहे की बोळ?"

"आमच्याकडे असंच असतं," साहेब म्हणाले.

पहिल्या अर्ध्यात दामूला चेंडू लागलाच नाही म्हटलं तरी चालेल. तलासरीवाले सारखे आमच्या अंगावर येत होते. मास्तरांनी एक फॉरवर्ड अडवला, पण तो आमचाच होता. तलासरीचा एक गोल झाला. दामू पलीकडच्या टोकाला उभा होता आणि दर वेळी त्याची मान वळायची, एक पाय इकडे पडायचा. मग त्यांचे दोघे मास्तरांना ओलांडून सरळ माझ्यावर आले, आणि दामूला राहवलं नाही. तो धावत निघाला. तो मागे आला असता तर चेंडू काढलाही असता. गिरणीवाल्यांनी मग कौतुक करून सांगितलं असतं की बॅक आमच्याकडे आहेत.

मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. कचेरीत माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात नसे. पण मी ओरडलो, "दामू, तिथेच थांब! माझ्याकडे बघायचं काम नाही तुला!"

तो मध्यावर थबकला. एवढ्यात चेंडू सुटला आणि माझ्या छातीवर बसला. मी तो अडवला असं पुढे लोक सांगत. मी उभा होतो आणि तो आला, इतकंच मला आठवतं. खाली पडल्यावर पाहिलं तर दामू हळूहळू, पाय ओढत, आपल्या जागेकडे परत चालला होता.

दुसऱ्या अर्ध्यात ते घडलं. आमचा एक फटका चुकून जानू मुकादमापाशी गेला. पट्टा इतका अरुंद, की त्याला डावीउजवीकडे चेंडू द्यायला जागा नव्हती. तो चेंडू घेऊन सरळ निघाला. समोर दामू.

"या मुकादम. तलासरीहूनच आलात ना? रस्ता कसा काय?"

जानूची छाती फुगली. रस्ता त्यानंच केलेला. "रस्ता एकदम बेस," तो म्हणाला. "बशीतला च्या हालत नाय."

तोवर चेंडू दामूकडे होता. जानू मागे पडला होता, पुढे फक्त त्यांचा गोलकीपर. दामूनं चेंडू हलकेच गोलात ढकलला. मग वळून जानूला म्हणाला, "मी येईन एकदा बघायला."

जानू चिडला. त्यानं आपल्या जोडीदाराला बजावलं, "त्याच्याशी बोलायचा नाय. कायपन इचारला तरी तोंड उघडायचा नाय." आणि पुढच्या वेळी तो ओठ घट्ट मिटून आला. दामूनं विचारलं, "ते खरं, पण पुलाच्या पलीकडे खडी पडली का हो? लोक म्हणतात नाही पडली."

जानू गप्प. घामानं निथळत होता, पण गप्प. त्याचा जोडीदार मात्र बांधकाम खात्याचाच होता. त्याला हा आरोप सहन झाला नाही. "कोन बोलतो नाय पडली?" तो मागून गरजला, आणि जानू त्याला दटावायला वळला. तेवढं पुरे होतं.

दोन-एकनं जिंकलो. तिकडे पाणी वर चढायला लागलं होतं. गिरणीवाल्यांनी छत्री मिटली आणि साहेबांना म्हणाले, "बोलतो फार. पण चालेल. एप्रिलपासून पाठवा." गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून, कायम. जानू मुकादमानं दामूला बाजूला घेतलं. मला वाटलं भांडतो की काय. तो म्हणाला, "खडी पडलीय. चल, ट्रकात बस, दाकवतो." आणि खरोखरच घेऊन गेला. दामू दुसऱ्या दिवशी उशिरा कचेरीत आला आणि म्हणाला, "पडली आहे."

वैशाखात त्याचं लग्न झालं. आम्ही सगळे वाणगावला जेवून आलो. त्यानंतर मी गोलात उभा राहिलो, पण पुस्तक घरी ठेवून. पुढच्या हिवाळ्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब भजन करायचे. हॉकी बंद पडली. मगनभाईंनी पॅडमधलं गवत काढून घेतलं.

मला राहून राहून वाटत असे की त्याला पुढे पाठवून आपण बरोबर केलं का? नोकरीचा हिशेब सरळ होता, त्यात शंका नव्हती. पण एखाद्याला एक गोष्ट उत्तम येते, आणि आपण त्याला सांगतो की ती करू नकोस, हे विचित्रच आहे. पुढे सन साठच्या आसपास काही कामानं मुंबईला गेलो तेव्हा त्याचा एक सामना पाहिला. हिरवं, कडक मैदान, लोकांची गर्दी. दामू थोडा जाड झाला होता. बोलत नव्हता. मोठ्या सामन्यात बोललेलं चालत नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. त्यानं एक गोल केला, टाळ्या पडल्या. पण मी पाहत होतो ते दुसरंच. त्यांच्या संघावर हल्ला आला. त्यांचा बॅक घसरला. गोलकीपर एकटा पडला. आणि दामू मध्याच्या पलीकडे पाठमोरा उभा राहिला. दोन्ही हातांत हॉकी आडवी धरून, समोरच्या रिकाम्या अर्ध्याकडे बघत. वळला नाही.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "चांगलं जमलं तुला."

"पुढे खेळणं ना? ते सोपं आहे," तो म्हणाला. "मागे काय चाललंय ते न बघणं, हेच शिकावं लागलं. पगार त्याचाच मिळतो, भाऊसाहेब."

तो हसत होता. पण मी त्या दिवशी परतीच्या प्रवासात काही वाचलं नाही.

निवृत्त झाल्यावर तो गंजाडला येऊन राहिला. भावांच्या जमिनीत त्यानं वाटा कधी मागितला नाही, लागलाच नाही. या श्रावणात तेराव्याला मी गेलो. ओसरीवर गिरणीच्या संघाचा फोटो लावलेला, मधोमध दामू, पुढे कप. आलेले लोक फोटो बघून म्हणत होते, सेंटर फॉरवर्ड होते, केवढं नाव होतं. मी ऐकत होतो. मग सुलोचनावहिनी आतून येऊन उंबऱ्यापाशी बसल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे तो मागे खेळायचा. त्याला पुढे पाठवण्यात माझाही हात होता. चुकलं की काय, असं अजून वाटतं."

त्यांनी एकदा त्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे पुढे कधी गेलेच नाहीत. लग्न करून मला मुंबईला नेलं ना, पहिल्या दिवशी बाजार दाखवायला निघालो. आमच्यात बाईनं मागून चालायचं. तर हे म्हणाले, तू पुढे हो. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, मागे गर्दी आहे, मागे मी असतो. मी निघाले पुढे. चालतेय, चालतेय. एवढी मोठी मुंबई, मला काय माहीत. बाजार येईना, काही येईना. शेवटी कुठल्या तरी गोदीच्या भिंतीशी येऊन पोचलो, पुढे रस्ताच नाही. तेव्हा मागे वळून विचारलं, अहो, बाजार कुठाय? बरोबर चाललोय ना आपण?"

"मग?"

"तर मलाच म्हणाले, मला काय विचारतेस? पुढे तू आहेस."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग बराच वेळ तो पदर तिथेच राहिला.